नृत्य, प्रार्थना आणि शेजारधर्म
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त सिंदी मेघे येथे भरलेल्या सभेतील व्याख्यान)



महोत्सव समितीने आजच्या सभेत मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. वक्ता म्हणून माझा लौकिक नाही, आणि नृत्यकलेत तर माझा अधिकार मुळीच नाही. विषय मात्र आपण होऊन माझ्याकडे चालत आला. गेला महिनाभर दिवेलागणीच्या वेळी आपल्या सभागृहावरून जो कोणी गेला असेल, त्याने आतून येणारा टाचांचा खडखडाट खचित ऐकला असेल. आपल्या मुली आज सायंकाळी स्पेन देशातील फ्लामेंको नावाचे नृत्य करून दाखविणार आहेत. फरशीवर आवाज उमटेना म्हणून त्यांनी जुन्या बाकांच्या फळ्या मांडल्या, आणि बाजारातील चपला शिवणाऱ्या कारागिराकडून बुटांच्या टाचांना बारीक खिळे ठोकून घेतले. हा खटाटोप पाहून आपल्यापैकी एका वयोवृद्ध गृहस्थांनी मला विचारले, "देवळाच्या महोत्सवात हा परदेशी नाच कशास हवा? यातून धर्माचे काय साधणार?" प्रश्न रास्त होता. त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम नृत्य आणि उपासना यांचा मेळ बसतो की नाही, हे पाहू. पवित्र शास्त्र याविषयी मुके नाही. तांबडा समुद्र ओलांडल्यावर मिर्यामने हाती डफ घेतला व सर्व स्त्रिया तिच्यामागून नाचत निघाल्या. कराराचा कोश यरुशलेम नगरात आणला जात असता दावीद राजा परमेश्वरापुढे देहभान विसरून नाचला. खिडकीतून ते पाहून मीखलने त्याचा मनातल्या मनात धिक्कार केला. शास्त्राने मात्र दावीदाचा पक्ष घेतला. आपल्या मुलखात हे कोणास नवल वाटू नये. आषाढात पंढरीच्या वाटेवर टाळ घेऊन पावली खेळणारे वारकरी आपण पाहिले आहेत, आणि यवतमाळ-चंद्रपुराकडील गोंड बांधवांचा ढेमसा ज्याने एकदा पाहिला, तो शरीराने केलेल्या स्तुतीची थट्टा करणार नाही.

खुद्द स्पेनमधील सेव्हिल शहराच्या महामंदिरात शेकडो वर्षांची एक चाल आहे. ख्रिस्तशरीराच्या सणात व निष्कलंक मरीयेच्या सणात, प्रमुख वेदीसमोर, परमपवित्र साक्रामेंताच्या सान्निध्यात लहान मुलगे जुन्या दरबारी पोशाखात, डोक्यावर टोपी ठेवून व हाती लाकडी चिपळ्या घेऊन नृत्य करतात. त्यांना 'सेइसेस' म्हणतात. यासंबंधी एक आख्यायिका सांगतात. नाच बंद करण्याचा प्रसंग आला असता, मुलांचे पोशाख जीर्ण होईपर्यंत तो चालू ठेवण्याची परवानगी रोमहून मिळाली. लोकांनी पोशाखाचा एकेक भाग तेवढा बदलत नेला, आणि संपूर्ण पोशाख म्हणून कधी जीर्ण झालाच नाही! आख्यायिका खरी असो वा नसो, तीतून लोकांचे त्या नृत्यावरील प्रेम दिसते. हे नृत्य फ्लामेंको नव्हे. परंतु ज्या भूमीत वेदीपुढे नृत्याला स्थान मिळाले, त्याच आंदालुसिया प्रांतात फ्लामेंको जन्मास आले, एवढे लक्षात असू द्यावे.

आता फ्लामेंको म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. याची अंगे तीन: गायन, गिटार आणि नृत्य. यांत मान गायनाचा. गाणारा आवाज लावतो तो गोड करून लावीत नाही. गळ्यातून दुःख जसे येईल तसे येऊ देतो. नर्तकी प्रथम स्थिर उभी राहते. मग हात वर जातात, मनगटे फिरू लागतात, आणि पाय बोलू लागतात. टाच, चवडा आणि संपूर्ण तळवा यांचे निरनिराळे आघात मिळून जणू एक पखवाज तयार होतो. 'सोलेआ' नावाच्या प्रकारात बारा मात्रांचे आवर्तन असते आणि जोर ३, ६, ८, १० व १२ या मात्रांवर पडतो. आधी तीन-तीनांनी चालणारी लय पुढे दोन-दोनांनी चालते. त्यामुळे ऐकणाऱ्याचे काळीज क्षणभर अडखळते आणि पुन्हा सावरते. गिटार वाजविणाऱ्याची दृष्टी नर्तकीच्या पायांवर खिळलेली असते. तिने विशिष्ट आघात केला की तो समजतो, आता गायकाला वाट द्यावयाची. कोण कोणाची साथ करतो, हे सांगणे कठीण जाते.

यांशिवाय एक चौथे अंग आहे, आणि माझ्या मते आजच्या प्रसंगी तेच सर्वांत महत्त्वाचे. ते म्हणजे भोवती बसलेल्यांच्या टाळ्या. या टाळ्या खेळ संपल्यावर वाजवावयाच्या नसतात, तर खेळ चालू असता तालात धरावयाच्या असतात. आजी टाळी धरते, नातू धरतो, शेजारीण धरते. मध्येच कोणी आपल्याकडील 'वाहवा'सारखा 'ओले' असा पुकारा करतो. घरगुती मेळाव्याच्या शेवटी तर वर्तुळातला एकेक जण मध्ये येऊन चार पावले टाकतो. गाणारा नाचतो, गिटारवाला नाचतो, सत्तरीची म्हातारीही पदर खोचावा तसा घागरा सावरून दोन आघात करते आणि हसत जागेवर जाऊन बसते. तेथे कोणी नुसता प्रेक्षक उरत नाही.

हे नृत्य कोणी घडविले? एकट्याने कोणी नाही. आंदालुसियातील शेतकरी, तेथे शतकानुशतके नांदलेले मूर व यहुदी लोक, समुद्रापलीकडच्या आफ्रिकन गुलामांचे ठेके, या सर्वांचा अंश त्यात आहे, असे जाणते सांगतात. परंतु त्याला आजचे रूप आणले ते मुख्यतः 'हितानो' लोकांनी. आपण ज्यांना जिप्सी म्हणतो आणि जे स्वतःस रोमा म्हणवितात, त्यांचीच ही स्पेनमधील शाखा. आणि येथे, बंधुभगिनींनो, ही परदेशी म्हणविणारी गोष्ट एकदम आपल्या अंगणात येऊन उभी राहते.

रोमा लोकांची भाषा आपल्या भाषांची बहीण आहे. हे अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील पंडितांच्या ध्यानी आले, आणि पुढील संशोधनाने ते पक्के झाले. ते लोक मोजू लागले की म्हणतात: येक, दुय, त्रिन, श्तार, पांज. दहास म्हणतात देश. सात, आठ, नऊ यांसाठी मात्र त्यांनी वाटेत ग्रीकांचे शब्द उचलले; त्यावरून त्यांच्या प्रवासाचा मार्गही कळतो. पाण्याला ते पानी म्हणतात, नाकाला नाक, कानाला कान, माणसाला मानुष. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज हिंदुस्थानच्या वायव्य भागातून बाहेर पडले आणि इराण, आर्मेनिया, ग्रीस असे मुक्काम करीत युरोपात शिरले. स्पेनमध्ये त्यांची भाषा बहुतेक लोपली. तिचे जे शब्द स्पॅनिश बोलीत मिसळून उरले, त्या बोलीला 'कालो' म्हणतात. कालो म्हणजे काळा. ज्या रंगावरून त्यांना हिणविले गेले, त्याच रंगाचे नाव त्यांनी आपल्या बोलीस ठेवून घेतले.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. फ्लामेंकोचे पाय पाहून पुष्कळांना कथकाचा तत्कार आठवतो, आणि ते म्हणतात की हे आमचेच कथक होय. आज अनेक कलावंत दोन्ही नृत्ये एका रंगमंचावर मांडतात, व ती शोभतातही. परंतु रोमा लोक निघाले तेव्हा आजचे कथक घडलेले नव्हते, आणि फ्लामेंको तर अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत आकारास आले. सारखेपणा हा पुरावा नव्हे. आपला दावा नृत्यावर नको. आपले नाते माणसांशी आहे, आणि ते नाते दाव्यापेक्षा अधिक जबाबदारीचे आहे.

त्या माणसांचे काय झाले, ते ऐका. १४२५ साली आरागॉनच्या राजाने त्यांच्या एका म्होरक्याला प्रवासाचा परवाना दिला. ते यात्रेकरू म्हणून आले होते व त्यांचे स्वागतही झाले. पुढे १४९९ साली राजाज्ञा निघाली की त्यांनी साठ दिवसांत एखाद्या धन्याकडे अथवा धंद्यात स्थिर व्हावे, नाहीतर देश सोडावा. त्यानंतर एकामागून एक कायदे झाले, आणि त्यांच्या भाषेवर, पोशाखावर व भटकण्यावर बंदी आली. ३० जुलै १७४९ रोजी तर राजाच्या हुकुमाने एकाच वेळी देशभर त्यांची धरपकड झाली. हजारो कुटुंबे फोडली गेली. पुरुषांना आरमाराच्या गोद्यांत सक्तमजुरीस पाठविले, आणि बायकामुलांना वेगळे कोंडले. चर्चमध्ये आश्रय मागण्याचा जो जुना हक्क होता, तोही धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने त्याआधीच काढून घेण्यात आला होता. हे सांगताना मला लाज वाटते, परंतु महोत्सवाच्या दिवशी केवळ सुखाच्याच गोष्टी सांगाव्यात असे नाही.

ट्रियाना नावाच्या वस्तीत हे लोक लोहारकी करीत. भट्टीपुढे म्हटले जाणारे त्यांचे 'मार्तिनेते' नावाचे गीत आजही गिटाराशिवाय म्हणतात. त्यात तुरुंगाचे, बेड्यांचे व ताटातुटीचे दुःख असते, आणि साथीला ऐरणीवरील हातोड्याचा ठोका. आता आपल्या मुलींच्या टाचांचा आवाज पुन्हा आठवा. तो आवाज नखऱ्याचा नाही. ज्यांना जमिनीवर उभे राहावयास जागा दिली गेली नाही, त्यांनी जमिनीला लाथ मारून 'मी येथे आहे' असे सांगितले, तो तो आवाज आहे. १९७६ साली ग्रानाडात कवी होसे एरेदिया माया व नर्तक मारिओ माया यांनी एक प्रयोग केला. त्याच्या नावाचा अर्थ 'आम्हांस बोलावयाचे आहे'. हितानोंविरुद्धचे जुने कायदे रंगमंचावर मांडावयाचे व गाण्या-नाचाने त्यांस उत्तर द्यावयाचे, असा तो प्रकार होता. कला हे दुबळ्याचे निवेदनपत्र असते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

याच लोकांतून ख्रिस्तसभेला एक धन्य पुरुष मिळाला. सेफेरिनो हिमेनेस माया हा बार्बास्त्रो गावचा, खेचरांचा व घोड्यांचा व्यापार करणारा हितानो. त्यास लिहिता-वाचता येत नसे, परंतु तो मुलांना धर्मोपदेश शिकवीत असे. चोरीच्या जनावरांचा आळ येऊन त्याला एकदा तुरुंगही पाहावा लागला. पुढे तो निर्दोष सुटला. १९३६ च्या यादवी युद्धात एका धर्मगुरूची बाजू घेतल्यावरून त्यास पकडण्यात आले. जपमाळ टाकून दे म्हणजे सुटशील, असे त्यास सुचविले गेले. त्याने माळ सोडली नाही, आणि ती हातात असतानाच त्याला गोळ्या घालण्यात आल्या. ४ मे १९९७ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यास धन्य घोषित केले. रोमा लोकांतील तो पहिला धन्यवादित होय. त्याआधी २६ सप्टेंबर १९६५ रोजी पोप सहावे पॉल पोमेझिया येथे रोमा लोकांच्या छावणीत स्वतः गेले, आणि तुम्ही ख्रिस्तसभेच्या काठावर नसून तिच्या हृदयात आहा, अशा आशयाचे त्यांनी सांगितले. १७४९ साली बंद झालेले दार असे उघडावयास दोनशे सोळा वर्षे लागली.

नोव्हेंबर २०१० मध्ये नैरोबी येथील बैठकीत युनेस्कोने फ्लामेंकोस मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरविले. त्याच बैठकीत राजस्थानातील कालबेलिया या साप पकडणाऱ्या भटक्या जमातीच्या गाण्या-नाचासही तोच मान मिळाला. योगायोग मोठा आहे, परंतु गौरवाने पोट भरत नाही. सेव्हिलच्या दक्षिण टोकास एक गरीब वस्ती आहे. जुन्या ट्रियानातून हलविलेली कित्येक हितानो कुटुंबे तेथे राहावयास गेली. त्या वस्तीत 'आलाला' नावाची संस्था मुलांना फ्लामेंकोचे गायन, गिटार व नृत्य शिकविते. आलाला म्हणजे त्यांच्या बोलीत आनंद. शिकविणारे कलावंत काही त्याच वस्तीतले आहेत. यातील मर्म ध्यानी घ्या. बाहेरून कोणी येऊन 'तुम्हांस सुधारतो' असे म्हटले नाही. 'तुमच्या घरात जे धन आहे, त्याचे मोल तुमच्या मुलांना कळू द्या' असे म्हटले. दान देणारा वर आणि घेणारा खाली, हा प्रकार तेथे उरत नाही, कारण शिकविण्याजोगे काहीतरी त्या गरिबाजवळच असते.

आपल्या महाराष्ट्रातही कलेच्या वाटेने शेजाऱ्याकडे जाण्याचे यत्न झाले आहेत. फादर जॉर्ज प्रोक्श हे जर्मन मिशनरी १९३२ साली भारतात आले. मुंबईत अंधेरी येथे त्यांनी ज्ञान आश्रम स्थापिला व भारतीय संगीत-नृत्यांतून शुभवर्तमान मांडले. १९६० साली म्युनिक येथील युखरिस्तिक काँग्रेसमध्ये त्यांच्या नृत्यनाट्याचा प्रयोग झाला. त्यांच्याच संघातील फ्रान्सिस बार्बोझा यांनी भरतनाट्यमचे रीतसर अध्ययन करून ख्रिस्ती आशयाच्या हस्तमुद्रा रचिल्या. परक्या देशातून आलेल्या माणसाने येथील कलेपुढे विद्यार्थी म्हणून बसावे, यातच अर्धा धर्मप्रचार झाला, असे मी समजतो.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगून आटोपते घेतो. ती सांगावयास मला जड जाते. पुष्कळ वर्षांपूर्वी, नाताळापूर्वीच्या आठवड्यात, एका दुसऱ्या गावी असताना, आमच्या देवळाच्या फाटकासमोर एका डोंबारी कुटुंबाने खेळ मांडला. बापाने ढोलकी धरली, आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी दोरावरून चालली. आम्ही सर्वांनी टाळ्या दिल्या, मीही पैसे टाकले. खेळ आटोपल्यावर ती मुलगी फाटकाशी येऊन म्हणाली, "काका, पाणी द्या ना." आत नाताळच्या सजावटीचे सामान पसरलेले होते. कोण जाणे काय उचलून नेतील, असे मनात येऊन मी फाटकाला आतून कडी घातली व "पुढे नळ आहे" म्हणून सांगितले. ती गेली नाही. आत आमची मुले नाताळच्या नृत्याचा सराव करीत होती. ती गजांना धरून पाहत राहिली, आणि थोड्या वेळाने तीच पावले फाटकाबाहेरच्या धुळीत टाकू लागली. तिचा ठेका आमच्या मुलांपेक्षा अचूक होता. ते मी पाहिले, आणि तरीही कडी काढली नाही. ज्या प्रभूस बेथलेहेमात जागा मिळाली नाही, त्याच्या जन्माच्या नृत्याची ती तयारी होती.

स्पेनच्या राजांना नावे ठेवणे सोपे आहे. परंतु आपल्याही देशात १८७१ साली जन्मावरून माणसांस गुन्हेगार ठरविणारा कायदा झाला, आणि पुढे १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर वाढली. ठरावीक वेळी हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडावयाचे नाही, सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहती, हे सर्व आपल्या पारधी बांधवांनी व इतर अनेक जमातींनी भोगले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. सरकारी पुस्तकातून तो गेला, परंतु माझ्या हातातून गेला नव्हता. त्या दिवशी फाटकाला कडी घालणारा तोच कायदा होता.

आपण ज्या वर्धेच्या शेजारी राहतो, तेथे याहून वेगळा धडा गिरविला गेला आहे. १९३९ साली परचुरेशास्त्री नावाचे संस्कृत पंडित महारोगाने ग्रासलेले असे सेवाग्रामच्या दाराशी आले. गांधीजींनी त्यांना जवळच कुटी बांधून दिली व स्वहस्ते त्यांची शुश्रूषा केली. येथून काही कोसांवरची ही घटना आहे. दार उघडावयास फार मोठी संस्था लागत नाही. ज्याच्या हातात कडी आहे, त्याचा हात हलला म्हणजे पुरे.

म्हणून त्या वयोवृद्ध गृहस्थांस मी आता उत्तर देतो. हा नाच आपल्या महोत्सवास हवा, परंतु एका अटीवर. आज सायंकाळी आपल्या मुली नाचतील तेव्हा हात मांडीवर ठेवून बसू नका. टाळी धरा, चुकली तरी धरा. आणि महोत्सव संपल्यावर त्या फळ्या अडगळीत टाकू नका. आठवड्यातून एक सायंकाळ सभागृहाचे दार उघडे ठेवावे, आणि आसपासच्या पालांतून व बेड्यांवरून जी मुले येतील, त्यांना आत घ्यावे, अशी माझी समितीस विनंती आहे. आपल्या मुलींनी त्यांना फ्लामेंको शिकवावे, आणि त्यांच्याकडून ढोलकीचा ठेका शिकून घ्यावा. त्यांचा धर्म विचारण्याचे कारण नाही. प्रथम मात्र प्यावयाचे पाणी आत, सर्वांच्या हाताशी ठेवावे. ते काम समितीने माझ्याकडे सोपवावे, एवढेच माझे मागणे आहे.

ज्याच्यापुढे दावीद नाचला त्या परमेश्वराने आपल्या धर्मग्रामावर कृपादृष्टी ठेवावी अशी प्रार्थना करून, मी आपली रजा घेतो.